माझं वैयक्तिक स्वागत

आमच्या ऑफिसात विक्री विभागात एक गृहस्थ आहेत. त्यांना सगळे 'गोल्ड' म्हणतात, कारण विमान कंपनीचं गोल्ड कार्ड ते बॅगेला बाहेरून अडकवतात, आणि बॅग नसेल त्या दिवशी शर्टाच्या खिशातून ते डोकावेल अशी व्यवस्था करतात. एकदा जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता ते म्हणाले, "विमानाचा हल्ली कंटाळा येतो हो. बसून पट्टा लावतोय तोवर त्यांची मुख्य एअर होस्टेस हजर. शेजारी गुडघ्यावर बसते, नाव घेते, पुन्हा आमच्याबरोबर आलात, फार बरं वाटलं म्हणते. मग काय, दोन शब्द बोलावे लागतात."

त्या 'बोलावे लागतात'ने माझा घास तोंडातच राहिला. विमानाने मीही फिरतो. आमच्या कंपनीच्या लिफ्ट गावोगाव आहेत, आणि एखादी लिफ्ट हट्टाला पेटली, तिथल्या लोकांनी हात टेकले, की मला पाठवतात. पण विमानातली मंडळी आजवर माझ्याशी जे काही बोलली ते एवढंच, की बॅग पायाखाली सरकवा, खुर्ची सरळ करा, आणि एकदा, "सर, तुम्ही दुसऱ्याच्या जागेवर बसलात."

"हे सगळ्यांना करतात?" मी विचारलं.

"छे! सिल्व्हर कार्डापासून पुढे. कोण कुठे बसलाय ते त्यांच्या टॅबवर येतं. स्वागत केलं की खूण करायची आणि पुढच्याकडे जायचं."

आता इथे सासूबाईंबद्दल सांगणं भाग आहे. त्या आमच्याकडेच राहतात. स्वभावाने वाईट मुळीच नाहीत, पण त्यांना जावई दोन. थोरला डॉक्टर. त्याचा उल्लेख त्या 'डॉक्टरसाहेब' असा करतात आणि तो करताना त्यांचा आवाज आपोआप मऊ होतो. धाकटा मी. फोनवर मी त्यांना माझ्या या कानांनी बोलताना ऐकलंय, "नाही हो, लिफ्टवाले अजून आले नाहीत." लिफ्टवाले! लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलगी कॉलेजात गेली, पण माझं नाव या बाईंच्या तोंडून मी एकदाही ऐकलेलं नाही. मनाला लागतं हो. बोलून दाखवत नाही, एवढंच.

आणि नेमकं त्याच सुमारास डॉक्टरसाहेबांनी नवीन घर घेतलं. ते बघायला मी, बायको आणि सासूबाई असे तिघं विमानाने जाणार होतो. सासूबाईंचा हा पहिलाच विमानप्रवास. गोल्डचं बोलणं ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे ते दृश्य उभंच राहिलं. गणवेशातली, टापटीप, चार भाषा बोलणारी एक बाई सासूबाईंच्या देखत गुडघ्यावर बसते आणि माझं पूर्ण नाव घेऊन माझं स्वागत करते. बास! याच्यापलीकडे मला आयुष्याकडून काहीही नको होतं.

घरी येऊन मी विमान कंपनीच्या वेबसाइटवर माझं खातं उघडलं. प्रवास निम्मेच दिसत होते. उरलेले गेले कुठे ते शोधता शोधता कळलं, की माझी खाती दोन आहेत. एक मी उघडलेलं आणि दुसरं ऑफिसने परस्पर माझ्या नावाने उघडलेलं. म्हणजे दोन दोन मी बिचारे निम्मे निम्मे उडत होतो आणि दोघांपैकी एकालाही कार्ड मिळत नव्हतं.

ग्राहक सेवेला फोन लावला. माझा फोन त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा आहे असं एका मशीनने सांगितलं आणि मग संगीत लावून दिलं. त्या संगीताची चाल मला आजही पाठ आहे. शेवटी एक माणूस बोलायला लागला.

"सर, ही दोन वेगळी माणसं आहेत. जन्मतारखा वेगळ्या आहेत."

"अहो, ऑफिसच्या क्लार्कने दिवस आणि महिना उलटा टाकलाय. दोन्ही मीच."

"मग तुम्ही आणि ते एकच आहात असं प्रतिज्ञापत्र पाठवा. दोघांच्या सह्या लागतील."

"दोघांच्या?"

"दोन्ही खातेदारांच्या, सर."

आता याच्यापुढे काय डोकं फोडणार? मी प्रतिज्ञापत्र लिहिलं, की मी मीच आहे आणि तोही मीच आहे. खाली दोनदा सही केली. पण दुसऱ्या सहीच्या वेळी उगीचच वाटलं, की ही आपण दुसऱ्याच्या वतीने करतोय, आणि हात जरा दबकला. आठवड्याभराने कागद परत आला. शेरा होता, 'सह्या जुळत नाहीत.'

"स्वतःची सही स्वतःला जमत नाही," बायको म्हणाली, "आणि म्हणे माझं स्वागत करा."

दुसऱ्या खेपेला त्यांनी साक्षीदार मागितला, म्हणून मी आमच्या इमारतीच्या सेक्रेटरीकडे गेलो. इथेच चूक झाली. सेक्रेटरीच्या कानावर घातलेली गोष्ट आणि इमारतीच्या फलकावर लावलेली सूचना यांत फरक एवढाच, की फलक कुणी वाचत नाही. संध्याकाळपर्यंत माझ्या होऊ घातलेल्या स्वागताची बातमी गच्चीपासून पार्किंगपर्यंत पोचली होती, आणि प्रत्येकाकडे सल्ला तयार होता.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "उठायचं नाही. फक्त मान हलवायची, तीही एकदाच. उठलात की त्यांना कळतं याला सवय नाही." समोरच्या डेंटिस्टने मला दारातच 'आ' करायला लावला आणि सांगितलं, "हसताना वरचेच दात दाखवा. खालच्यांचं काम करायला झालंय, केव्हा येताय?" खुद्द सेक्रेटरीचं मत होतं, की तोंडी स्वागताला काही अर्थ नाही, लेखी मागावं. मी सगळ्यांना हो म्हटलं. एका स्वागतात किती गोष्टी सांभाळायच्या असतात याची मला तोवर कल्पनाच नव्हती.

शेवटी दोन्ही खाती एक झाली आणि सिल्व्हर कार्ड आलं. चकचकीत. मी ते पाकिटात ठेवलं, मग शर्टाच्या खिशात ठेवलं, मग गोल्डची आठवण येऊन ओशाळलो आणि परत पाकिटात ठेवलं. आता प्रश्न राहिला उत्तराचा. ती एवढं म्हणणार आणि आपण काय नुसतं 'हं' म्हणायचं? मी एक वाक्य तयार केलं: "धन्यवाद. तुमच्यामुळे प्रवास अगदी घरच्यासारखा वाटतो."

"घरच्यासारखा?" बायको म्हणाली. "घरी कोण विचारतं तुम्हाला?"

तरी ती तालमीला उभी राहिली, हे तिचे उपकारच. जेवणाच्या टेबलाजवळ खुर्च्या एकामागे एक लावल्या. मी बसलो, बायको हातात पोळपाट धरून आली, टॅब म्हणून. ती गुडघ्यावर बसली, मी वरचे दात दाखवले, मान एकदा हलवली आणि वाक्य म्हटलं. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा. तिसऱ्या खेपेला पाहतो तर सासूबाई दारात उभ्या.

"काय चाललंय?"

"यांची पाठ धरलीये," बायको म्हणाली, "व्यायाम सांगितलाय." सासूबाई बराच वेळ माझ्या दातांकडे बघत राहिल्या आणि आत गेल्या.

सिल्व्हर झाल्यानंतरचा माझा पहिला प्रवास कामाचा होता, एकट्याचा. म्हटलं बरंच झालं, रंगीत तालीम होईल. कडेच्या खुर्चीत ताठ बसून राहिलो. विमान वर गेलं, पट्ट्यांचा दिवा विझला, कुणी येईना. वाट बघून बघून मला नको तेव्हा टॉयलेटला जावं लागलं. गेलो आणि लगेच परत आलो, तर माझ्या जागेवर शेजारचे गृहस्थ पाय पसरून बसलेले.

"जरा पाय मोकळे करत होतो," ते सरकत म्हणाले. "आत्ता एक मुलगी येऊन गेली. काय गोड बोलली हो! मीही थँक्यू म्हटलं. सर्व्हिस चांगली आहे यांची."

मी तसाच मागे पडदा होता तिथे गेलो. "माझं स्वागत राहिलंय," मी म्हणालो. हे वाक्य भर विमानात उभ्याने म्हणून बघा म्हणजे माझी अवस्था कळेल.

तिथल्या एअर होस्टेसने टॅब पाहिला. "झालंय, सर."

"पण मी तिथे नव्हतो."

"खूण झालेली आहे, सर. तुमच्या सीटचं झालंय."

म्हणजे स्वागत माणसाचं नसतं, खुर्चीचं असतं. खुर्चीत जो सापडेल तो त्याचा धनी. हे एकदा कळल्यावर मी मनाशी शपथच घेतली, की सासूबाईंबरोबरच्या प्रवासात आभाळ कोसळलं तरी खुर्ची सोडायची नाही. त्या दिवशी सकाळपासून मी चहासुद्धा घेतला नाही.

सासूबाईंना मुद्दाम खिडकी दिली होती. मध्ये बायको, कडेला मी. सगळं ठरल्याप्रमाणे. सासूबाईंनी खिडकीतून एकदा खाली पाहिलं, विमान अजून जमिनीवरच होतं, आणि म्हणाल्या, "मला इथे गरगरतंय. आणि गुडघा दुमडलाय. मला कडेला बसू द्या."

"उडालं की बरं वाटेल," मी म्हणालो.

"उडालं की बरं वाटेल? गुडघ्याला?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "द्या ना त्यांना जागा. आईचा गुडघा महत्त्वाचा, की तुमचं ते..." पुढचं ती डोळ्यांनी बोलली. माझी शपथ विमानात पाच मिनिटंही टिकली नाही. सासूबाई कडेला आल्या, बायको खिडकीशी गेली आणि मी मध्ये, दोघींच्या कोपरांमध्ये. जाणाऱ्या एका एअर होस्टेसला मी घाईघाईने सांगायला गेलो, की टॅबमध्ये जरा बदल करून घ्या, तर ती म्हणाली, "पट्टा लावा, सर."

विमान वर गेलं आणि मग ती आली. मुख्य एअर होस्टेस. हातात टॅब. खुर्च्यांचे आकडे वाचत वाचत आमच्या रांगेशी थांबली आणि गोल्डने सांगितलं होतं तशी गुडघ्यावर बसली. सासूबाईंच्या शेजारी. तिने टॅबकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, पुन्हा टॅबकडे पाहिलं. टॅबवरचं नाव पुरुषाचं होतं. पण शिकलेली होती. नाव गाळलं आणि बाकीचं सगळं म्हणाली.

"नमस्कार. तुम्ही नेहमी आमच्याबरोबर प्रवास करता, त्याबद्दल मनापासून आभार. आज पुन्हा आलात, फार बरं वाटलं."

"पुन्हा?" सासूबाई म्हणाल्या. "मी पहिल्यांदाच बसतेय गं बाळ."

"मग तर दुप्पट आनंद झाला, आजी." खूण झाली. ती उठली आणि पुढच्या सिल्व्हरकडे गेली. मी तोंड उघडलं होतं, वरचे दात तयार होते, पण तोवर ती दोन रांगा पुढे पोचली होती.

सासूबाई खूश. "किती गुणी पोर! गुडघे टेकून बोलली हो. डॉक्टरसाहेबांना सांगायलाच हवं."

बायकोने मला कोपर मारलं. "तुम्ही बोला ना तिच्याशी."

"नको. मागून घेतलेला मान काय कामाचा?" असं म्हणून मी डोळे मिटून घेतले. खोटं कशाला बोलू, मला रडू येत होतं. दोन दोन सह्या काय, पोळपाट काय, डेंटिस्टपुढे आ काय! आणि शेवटी मी आपला मधल्या खुर्चीतला, कोपर कुठे ठेवू म्हणून विचारणारा.

मी झोपलो असं समजून बायको माझ्यावरून वाकली आणि तिने हलक्या आवाजात आईला सगळं सांगून टाकलं. गोल्डपासून सुरुवात करून सेक्रेटरीपर्यंत. एक गोष्ट म्हणून ठेवली नाही.

"म्हणजे तो पाठीचा व्यायाम नव्हता?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही गं."

"तरीच म्हटलं, पाठ दुखणारा माणूस दात कशाला काढतोय."

मी मिटल्या डोळ्यांनी वाट बघत होतो, आता 'लिफ्टवाल्यांची हौस' वगैरे काहीतरी ऐकायला मिळणार. त्याऐवजी डोक्यावर टिंग झालं. सासूबाईंनी हात उंच करून बोलवायची घंटी दाबली होती.

मुख्य एअर होस्टेस आली. "बोला, आजी."

"बाळ, मघाशी तू मला जे बोललीस ना, ते माझं नव्हतं. यांचं होतं. हे माझे धाकटे जावई. माझ्या गुडघ्यापायी त्यांनी जागा सोडली. तेव्हा ते सगळं आता यांना म्हण. नाव घेऊन म्हण. आणि मोठ्याने, मला कमी ऐकू येतं." ही बाई स्वयंपाकघरात बसून दिवाणखान्यातली कुजबुज ऐकते! "आणि तशीच खाली बस हं, गुडघ्यावर."

पुढच्या मागच्या रांगांतल्या माना वळल्या. मी डोळे उघडले. ती बिचारी खरोखर गुडघ्यावर बसली, टॅब वर केला आणि खणखणीत आवाजात तिने माझं नाव घेतलं. पहिलं, शेवटचं, मध्ये कुठेही न अडखळता.

इथे एक खुलासा करायला हवा. माझं पूर्ण नाव घेऊन मला हाक मारणारी माणसं जगात एकाच प्रकारची असतात, ती म्हणजे बंद लिफ्टमध्ये अडकलेली. लिफ्टमधल्या पाटीवर, अडचणीत बोलवायचा माणूस म्हणून, ते लिहिलेलं असतं. त्यामुळे पूर्ण नाव कानावर पडलं की माझ्या तोंडून एकच उत्तर जातं, इतक्या वर्षांच्या सवयीने, शांत आणि दमदार आवाजात. तसं ते गेलं.

"अजिबात घाबरू नका. मी आलोय. दोन मिनिटांत दार उघडतो."

पुढच्या रांगेतल्या माणसाने कानातलं गाणं काढून ठेवलं. खाली बसलेली ती मुलगी हळूहळू उभी राहिली. हसू तसंच होतं, पण त्यातला जीव गेला होता.

"कुठलं दार, सर?"

"लिफ्टचं गं!" सासूबाई म्हणाल्या. "लिफ्टवाले आहेत ते."

"विमानात लिफ्ट नाही, आजी."

मी घाबरून दुरुस्ती करायला गेलो, तर आता ते पाठ केलेलं वाक्य धावून आलं. "धन्यवाद, तुमच्यामुळे प्रवास अगदी घरच्यासारखा वाटतो," मी म्हणालो, वरचे दात दाखवून. त्याने तिची काळजी कमी झाल्याचं काही दिसलं नाही. "छान, सर," असं म्हणत ती उलट पावलांनी पडद्यापर्यंत गेली.

त्यानंतर माझं जे स्वागत सुरू झालं ते काय सांगू! आधी एक रुंद खांद्यांचा तरुण आला. माझं पूर्ण नाव घेतलं, सगळं ठीक आहे ना विचारलं, न मागता पाणी दिलं आणि मी ते पिऊन होईपर्यंत उभा राहिला. तो गेला तर दुसरी आली. तिने नाव घेऊन विचारलं, मी कुठे राहतो, काय करतो, बरोबर कोण आहे. मग तिसरी. मध्ये रुंद खांदे पुन्हा एकदा. दाराशी एकजण उतरेपर्यंत नुसता उभा होता आणि माझी त्याची नजरानजर झाली की तो मान हलवायचा. एकदाच, हेडमास्तरांनी सांगितलं होतं तशी. मी पाय जरा मोकळे करायला उठलो तर तिघं जण माझ्या चौकशीला धावले. सासूबाई प्रत्येकाला सांगत होत्या, "हो, हेच ते. माझे जावई."

उतरताना तर दारात खुद्द पायलट उभा होता. त्याने माझा हात हातात घेतला आणि माझ्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं. "आपणच का ते?" तो म्हणाला.

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

नवीन घर मोठं होतं, छान होतं, पण ते कुणी नीट दाखवू शकलं नाही. सासूबाईंनी सोफ्यावर बसताक्षणी सुरुवात केली. विमानातली यच्चयावत माणसं कशी एकेक करून धाकट्या जावयांना भेटून गेली, नाव घेऊन, पाणी घेऊन, आणि पायलट कसा दाराशी येऊन थांबला. सांगताना त्यांनी माझं नाव घेतलं. पूर्ण. चक्क मऊ आवाजात. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मी टीपॉयवरची नक्षी बघायला लागलो.

डॉक्टरसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "मी एवढा फिरतो," ते म्हणाले, "मला कधी पायलट भेटला नाही."

"तुमचं वेगळं," सासूबाईंनी त्यांची समजूत घातली.

"खरंच सगळे आले होते?" त्यांनी मला विचारलं.

"सगळे," मी म्हणालो, आणि यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

डॉक्टरसाहेब चहाचं बघायला आत गेले, त्यांच्यामागे बायकोही गेली. सासूबाई माझ्याकडे सरकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "परतीला कडेची जागा तुम्ही घ्या."

"आणि तुमचा गुडघा?"

"गुडघ्याचं राहू दे. आणि ते दाराचं वाक्य जरा लवकर म्हणा हं. या वेळी सगळे यायला फार उशीर झाला."